ग्रंथालयातल्या हवेतली बुरशी मोजायचं यंत्र: घ्यावं की राहू द्यावं?

कपाट_क्र_७ · ८ जुलै, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची मी कार्यवाह आहे. मानद. म्हणजे पगार नाही, बोलणी मात्र पूर्ण वेळ. इमारत चिऱ्याची, वर मंगलोरी कौलं, आत तीस बाय वीस फुटांचं दालन. मागच्या अंगाला पाच वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची अभ्यासिका आहे, तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात.

मिरग लागला की पंधरा दिवसांत दालनात कुबट वास सुरू होतो. आषाढात पुस्तकांच्या कण्यांवर भुरा चढतो. आमच्या ग्रंथपाल बाई दार उघडल्यापासून शिंकत असतात. दम्याचे एक जुने वाचक आजोबा दोन पावसाळे झाले फिरकलेच नाहीत, नातवाकरवी पुस्तकं मागवतात.

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ टिफिनच्या डब्याएवढं यंत्र घेऊन आले. हवेतले जिवंत जंतू आणि बुरशी जागच्या जागी, त्याच मिनिटाला मोजून दाखवतं म्हणाले. पडद्यावर हिरवा, पिवळा, लाल रंग. किंमत ऐकून अध्यक्षांनी चहा खाली ठेवला. आमच्या वर्षाच्या पुस्तकखरेदीएवढी आहे. तरी समितीत दोन तट पडलेत, कारण एक देणगीदार पैसे द्यायला तयार आहेत.

असं यंत्र खरंच असतं का? त्याचा आकडा कशाशी ताडून बघायचा? जाणकारांनी सांगावं. गुरुवारी ते पुन्हा यायचेत.

टिवल्याबावल्या · ८ जुलै, रात्री १०:३१

पहिला नंबर. शिंकणाऱ्या बाई हेच यंत्र आहे की! बॅटरीही लागत नाही.

तारापूरकर · ८ जुलै, रात्री ११:०५

टिवल्या, तू विनोद केलास पण बोललास खरं. त्यावर नंतर येतो.

ताई, औषध कंपनीच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत सोळा वर्षं काढली आहेत, हवेच्या प्लेटा मोजता मोजता चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. त्या गृहस्थांना पहिला प्रश्न हा विचारा: तुमचं यंत्र जंतू पकडून वाढवतं, की प्रकाश टाकून ओळखतं? कारण 'पोर्टेबल' म्हणून विकल्या जाणाऱ्या या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत.

आम्ही वापरतो ती पहिली जात. हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं, वर बारीक भोकांचं झाकण आणि खाली अगारची (जंतू वाढवायच्या जेलीची) पेट्री प्लेट, म्हणजे उथळ गोल बशी. पंखा मिनिटाला साधारण १०० लिटर हवा ओढतो, भोकातून जोरात आलेली हवा वळून निघून जाते आणि जड कण वळता न आल्यामुळे अगारवर आपटतात. दहा मिनिटांत एक घनमीटर हवा होते. पण तिथे काम संपत नाही, तिथे सुरू होतं. प्लेट उबवायला ठेवायची: जिवाणूंसाठी ३० ते ३५ अंशांवर दोन-तीन दिवस, बुरशीसाठी २० ते २५ अंशांवर पाच ते सात दिवस. मग ठिपके मोजायचे. एका ठिपक्याला एक सीएफयू (कॉलनी फॉर्मिंग युनिट, म्हणजे उगवून ठिपका करणारा एक जंतू किंवा गठ्ठा) धरतात, आणि उत्तर दर घनमीटरला इतके सीएफयू असं लिहितात. तेव्हा या जातीत 'त्याच मिनिटाला' काहीच मिळत नाही. यंत्र खिशात मावेल, उत्तराला आठवडा.

हे सगळं १९५८ सालच्या अँडरसन सॅम्पलरचं पिल्लू आहे. मूळ यंत्र सहा मजली. प्रत्येक मजल्यावर ४०० भोकं, खाली जाल तशी भोकं बारीक, हवा मिनिटाला २८.३ लिटर. सात मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे कण पहिल्याच मजल्यावर अडकतात, तळाला एक मायक्रॉनच्या आसपासचे पोचतात. नाकापासून फुप्फुसाच्या तळापर्यंत कुठला कण कुठे जाईल याची नक्कल म्हणूनच ते बांधलं होतं.

एक गंमत सांगतो, विक्रेत्याला विचारून बघा. ४०० भोकांच्या झाकणाखाली २०० ठिपके उगवले तर उत्तर २०० नसतं, २७७ च्या आसपास असतं. एकाच भोकातून दोन-तीन कण येऊन एकाच ठिपक्यात मिसळलेले असतात, त्यासाठी तक्ता वापरून दुरुस्ती करावी लागते. हे त्याला माहीत नसेल तर चहा पाजून पाठवून द्या.

कपाट_क्र_७ · ९ जुलै, सकाळी ७:२०

तारापूरकर दादा, मनापासून आभार. ते म्हणाले प्लेट वगैरे काही लागत नाही, लेझर आहे. म्हणजे दुसरी जात.

आणि आकडा किती असला तर बरा?

सोल्डरगन · ९ जुलै, सकाळी ९:४८

लेझर म्हटल्यावर माझा प्रांत आला. पुण्यात बसून सेन्सर जोडतो.

यातही दोन प्रकार आहेत आणि विकणारे मुद्दाम मिसळतात. साधा धूलिकण सेन्सर, जो हल्ली प्रत्येक हवा शुद्ध करायच्या यंत्रात असतो, तो कणावरून विखुरलेला प्रकाश मोजतो. कण आहे एवढंच त्याला कळतं. बुरशीचा बीजाणू (म्हणजे तिचं बी), पिठाचा कण, फोडणीचा धूर, त्याला सगळे सारखे. यावर 'जंतू' असं लेबल लावलं असेल तर ती सरळ फसवणूक.

दुसरा खरा आणि महाग प्रकार. कणावर अतिनील किंवा जांभळा प्रकाश टाकतात. जिवंत पेशींत ट्रिप्टोफॅन, एनएडीएच, रायबोफ्लेविन असे पदार्थ असतात, ते तो प्रकाश गिळून वेगळ्या रंगात चमकतात. विखुरलेल्या प्रकाशावरून कणाचा आकार, चमकेवरून 'जैविक असावा' हा अंदाज. औषध कंपन्यांच्या स्वच्छ खोल्यांत हे यंत्र कामाचं आहे, कारण तिथे मुळात कणच नसतात, एक आला तरी बातमी होते. पण उदबत्तीच्या धुरातले काही पदार्थ चमकतात, धुतलेल्या सुती कपड्यांचे तंतू चमकतात (निळीच्या जागी आलेली ती पांढरं दाखवणारी रसायनं), आणि ताई, कागदाचे तंतूही चमकतात.

तुमचं ग्रंथालय आहे. बघा बुवा.

टिवल्याबावल्या · ९ जुलै, सकाळी १०:०२

म्हणजे हे यंत्र लावलं तर सगळ्यात जास्त रोगट विभाग कादंबऱ्यांचा निघणार. मी आधीपासून सांगत होतो.

डॉ_खोकला · ९ जुलै, दुपारी ३:३६

नाशकात छातीचे विकार बघतो, ओपीडी संपवून आलो.

ताईंचा 'किती असला तर बरा' हा प्रश्न राहिलाच. सरळ उत्तर: घरातल्या वा ग्रंथालयातल्या बुरशीचा असा आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली, त्यात बुरशीची आकड्यातली मर्यादा घालून देता येत नाही असंच म्हटलं आहे. ओल आणि दिसणारी बुरशी असली की दम्याचा आणि श्वसनाच्या तक्रारींचा धोका वाढतो, म्हणून ओल थांबवा आणि बुरशी काढा, एवढं मात्र स्पष्ट सांगितलं आहे. माणसागणिक सहनशक्ती वेगळी, बुरशीगणिक त्रास वेगळा. अस्परजिलसचा बीजाणू दोन ते साडेतीन मायक्रॉनचा, थेट आत खोल उतरतो. अल्टरनेरियाचा त्याच्या कितीतरी पट मोठा, तो बहुधा नाकातच अडकतो. सीएफयूच्या बेरजेत दोघे एकेकच.

आणि मेलेला बीजाणू प्लेटवर उगवत नाही, पण ॲलर्जी मात्र देतो. तेव्हा प्लेट स्वच्छ आणि पेशंट शिंकतोय, असं होऊ शकतं.

तुमच्या आजोबांचं गाऱ्हाणं हीच नोंद आहे. ग्रंथपाल बाईंना एवढं विचारा की रविवारी घरी असताना आणि सुट्टीवर गेल्यावर शिंका थांबतात का. थांबत असतील तर डॉक्टरला दाखवून घ्या, पुढे ढकलू नका.

कपाट_क्र_७ · ९ जुलै, दुपारी ४:१०

थांबतात! मे महिन्यात मुलीकडे सांगलीला होत्या तेव्हा एकही शिंक नाही म्हणाल्या.

मिनेसोटाकर · ९ जुलै, रात्री ८:५५

इकडे घर विकताना-घेताना बुरशी तपासायचा मोठा धंदा आहे, त्यामुळे थोडा अनुभव. आमच्या तळघरात पाणी शिरलं होतं तेव्हा तपासनीस आला. त्याच्याकडे छोटा पंप आणि प्लास्टिकची डबी होती. डबीत चिकट काचपट्टी, मिनिटाला १५ लिटर हवा, पाच मिनिटं. मग ती पट्टी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली. यात उगवायची भानगड नाही, जिवंत-मेलेले सगळे मोजले जातात. तोटा असा की पेनिसिलियम आणि अस्परजिलस यांचे गोल चिमुकले बीजाणू एकमेकांपासून ओळखूच येत नाहीत, अहवालात दोघांचा एकच रकाना.

त्याने घेतलेला सगळ्यात महत्त्वाचा नमुना घरातला नव्हता, अंगणातला होता. बाहेर काय आहे हे कळल्याशिवाय आतल्या आकड्याला अर्थ नाही म्हणाला. हे मला तेव्हा पटलं नव्हतं. पैसे आतल्या हवेचे मोजले होते ना.

जुना_विद्यार्थी · १० जुलै, पहाटे ५:४२

पाहुण्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण पट्टीवर हवा टिपायला मिनेसोटापर्यंत जायची गरज नाही. हे काम मराठवाड्यात होऊन गेलं आहे.

मी निवृत्त वनस्पतिशास्त्राचा मास्तर. औरंगाबादच्या विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक होते. त्यांनी कुलकर्णी यांच्यासोबत १९७० साली स्वतःचा हवा-नमुनायंत्र बनवला, टिळक एअर सॅम्पलर म्हणून तो देशभर ओळखला जातो. पेटीत सावकाश फिरणारा घड्याळी डबा, त्यावर गुंडाळलेली पारदर्शक चिकटपट्टी, आणि नळीतून मिनिटाला ५ लिटर हवा तिच्यावर येऊन आपटते. आठ दिवस अखंड. मग पट्टी कापून काचेवर लावायची आणि कुठल्या वेळी कुठले बीजाणू आले ते वाचायचं. रात्रीचे वेगळे, दुपारचे वेगळे, पाऊस पडून गेल्यावरचे आणखी वेगळे. एका घटकेचा आकडा आणि आठ दिवसांची पट्टी यांत केवढा फरक असतो, ते ज्याने पट्टी वाचली त्यालाच कळतं.

विजेवर चालायचा. मग भारनियमनाच्या काळात पट्टीवर कोऱ्या जागा यायच्या. त्यावरून गावात वीज कधी नव्हती हेही वाचता यायचं.

याच मंडळींनी औरंगाबादच्या लेण्यांच्या आतली आणि बाहेरची हवा ताडून पाहिली होती. तुमचा प्रश्न तोच आहे ताई, फक्त लेण्याच्या जागी ग्रंथालय.

आणि अगारबद्दल थोडं अवांतर. अगार म्हणजे आपल्या घरातलं चायना ग्रास. वाल्टर हेसे नावाचे जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत हवेतलेच जंतू मोजत होते. तेव्हा जिलेटिन वापरत, ते उन्हाळ्यात वितळून जाई. त्यांच्या पत्नी फॅनी यांनी स्वयंपाकघरातलं अगार सुचवलं, १८८१ साली. म्हणजे जगभरच्या प्रयोगशाळांत आज जी प्लेट आहे ती हवा मोजण्याच्या कटकटीतून आणि एका बाईच्या जेलीतून आली.

तारापूरकर · १० जुलै, सकाळी ८:१५

मास्तर, दंडवत! सोळा वर्षं अगार ओततोय, चायना ग्रासची ही गोष्ट माहीत नव्हती.

ताई, आता यंत्र विसरा आणि शनिवारी हे करून बघा. उघड्या प्लेटा. ९० मिलिमीटरची प्लेट, जमिनीपासून एक मीटर उंच, भिंतीपासून एक मीटर दूर, एक तास उघडी. हा १-१-१ चा जुना नियम. एक दालनाच्या मध्यात, एक तुमच्या वासाच्या जागी, एक अभ्यासिकेत आणि एक बाहेर पडवीत. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन. शिवाय एक प्लेट अजिबात न उघडता ठेवा. तिच्यावर काही उगवलं तर तुमची बनवण्यातच घाण आहे, बाकी सगळं रद्द.

मर्यादा सांगून ठेवतो. उघड्या प्लेटवर फक्त खाली पडणारं पडतं. थांबलेल्या हवेत १० मायक्रॉनचा कण दोन मीटर खाली यायला दहा-अकरा मिनिटं घेतो, ३ मायक्रॉनचा दोन तास आणि १ मायक्रॉनचा जवळपास सोळा तास. म्हणजे डॉक्टर म्हणतात तो अस्परजिलस प्लेटवर कमीच दिसणार. घनमीटरचा हिशोब यातून काढू नका. आणि आमच्या कारखान्याचे आकडे लावू नका. युरोपच्या औषध नियमांत सगळ्यात खालच्या दर्जाच्या स्वच्छ खोलीला दर घनमीटर २०० सीएफयूची मुभा असते. पावसाळ्यात तुमच्या पडवीत उभं राहिलं तरी ती ओलांडलेली असेल.

कपाट_क्र_७ · १० जुलै, सकाळी ११:३०

प्लेटा कुठून आणू? रत्नागिरीत विचारलं तर सगळे म्हणाले मुंबईहून मागवा.

जुना_विद्यार्थी · १० जुलै, दुपारी १२:०५

घरी होतं. एक लिटर पाण्याला २०० ग्रॅम बटाटा उकडून गाळलेलं पाणी, २० ग्रॅम ग्लुकोज, १५ ग्रॅम चायना ग्रास. प्रेशर कुकरमध्ये झाकणबंद बाटलीत वीस मिनिटं. कुकरचं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तेवढं पुरतं. पेट्री प्लेटा हायस्कूलच्या विज्ञान शिक्षकांकडे मिळतील. ओतताना पंखा बंद, दार बंद, शेजारी स्पिरिटचा दिवा.

डॉ_खोकला · १० जुलै, दुपारी १:२०

कृती छान, पण एक कडक सूचना. उगवलेली प्लेट उघडून वास घ्यायचा नाही. सगळीकडून चिकटपट्टी लावायची, झाकणावरूनच बघायचं. दमा असलेल्या, केमो चालू असलेल्या किंवा साखर हाताबाहेर गेलेल्या माणसाने या कामाला हात लावू नये. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकर बघितलाय, त्यामुळे माझी चेष्टा करायची मनःस्थिती नसते. काम झाल्यावर बंद प्लेटा पुन्हा कुकरमध्ये तीस मिनिटं, मगच कचऱ्यात. आणि तो कुकर पुढे स्वयंपाकाला नको.

टिवल्याबावल्या · १० जुलै, दुपारी १:३३

प्लेटांसाठी किती शिट्ट्या?

भिंतीला_कान · ११ जुलै, रात्री ९:१२

सगळे हवेकडे बघताय, कोणी भिंतीकडे बघेल का? ठाण्यात इमारतींच्या गळत्या शोधणं हा माझा धंदा.

बुरशीला बीजाणू हवेतून मिळतात हे खरं, पण ते फुकट आणि सगळीकडे असतात. तिला नसतं ते पाणी. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकली की बहुतेक बुरशा सुखाने वाढतात, काही हट्टी त्याच्या खालीही. चिरा पाणी पितो. पायातून ओल वर चढते, झड लागली की बाहेरून आत येते. भिंतीला टेकून कपाट असेल तर मागे हवा फिरत नाही, भिंत थंड राहते, तिथली आर्द्रता दालनापेक्षा जास्त. दालनाच्या मध्यात आर्द्रतामापी लावून ७५ दिसले म्हणून खूश व्हाल आणि कपाटामागे ९० असेल.

साधा आर्द्रतामापी काही शे रुपयांना मिळतो. एक मध्यात, एक कपाटामागे. ताई, तुमच्या नावातलं ते क्रमांक सात काय आहे?

कपाट_क्र_७ · ११ जुलै, रात्री ९:४०

वासाचं कपाट! उत्तरेच्या भिंतीला. नाटकं आणि चरित्रं. लहानपणापासून तिथेच बसून वाचायचे म्हणून नाव घेतलं.

सोल्डरगन · १२ जुलै, सकाळी १०:२५

अभ्यासिकेचा विषय कोणीच काढला नाही. स्लॅब, बंद खिडक्या, एसी आणि मुलं. तिथला धोका बुरशीचा कमी, एकमेकांच्या श्वासाचा जास्त. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, आतलीच थंड करून फिरवतो.

त्यासाठी जंतू मोजायची गरज नाही, कार्बन डायऑक्साइड मोजा. बाहेर सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असतो, माणसाच्या उच्छ्वासात साधारण ४०,०००. म्हणजे खोलीतला वाढीव कार्बन डायऑक्साइड म्हणजे उष्ट्या श्वासाची मोजपट्टी. हा हिशोब रुडनिक आणि मिल्टन यांनी २००३ मध्ये नीट मांडला. मीटर घेताना अवरक्त पद्धतीचा, एनडीआयआर लिहिलेला घ्या, बाकीचे अंदाजपंचे.

विषाणू थेट मोजणारं यंत्रही झालंय म्हणा. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०२३ मध्ये करोना विषाणूसाठी केलं. आत मिनिटाला १००० लिटर हवा द्रवाच्या भोवऱ्यात फिरवून कण धुऊन घेतात, लामा नावाच्या प्राण्याच्या प्रतिपिंडापासून बनवलेल्या नॅनोबॉडीवर विषाणू अडकतो आणि पाच मिनिटांत उत्तर. आवाज ७५ ते ८० डेसिबल. मिक्सर चालू ठेवून अभ्यास करायची सवय असलेल्या मुलांना चालेल.

डॉ_खोकला · १२ जुलै, दुपारी २:५०

त्या १००० लिटरमध्येच सगळी अडचण आहे. थुंकीत क्षयाचे जंतू दाटीने असतात, म्हणून गोव्यातल्या वेर्ण्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर, आरोग्य केंद्राच्या टेबलावर क्षय ओळखतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. तपासणी खिशात आली. पण हवेत तेच जंतू इतके विरळ असतात की गोळा करतानाच दमछाक.

बाल्टिमोरच्या रुग्णालयात वेल्स आणि रायली यांनी १९५० च्या दशकाअखेरीस काय केलं माहीत आहे? क्षयाच्या वॉर्डातली हवा नळांनी वरच्या मजल्यावरच्या गिनिपिगांना दिली. त्यांना क्षय झाला. ज्या गिनिपिगांची हवा अतिनील दिव्याखालून नेली त्यांना झाला नाही. क्षय हवेतून पसरतो याचा पुरावा असा मिळाला. नमुना घ्यायचं यंत्र म्हणजे जिवंत फुप्फुस. टिवल्याचं ते पहिलं वाक्य आम्ही वर्गात असंच शिकवतो, फक्त शिंकणाऱ्या बाईंच्या जागी गिनिपिग.

टिवल्याबावल्या · १२ जुलै, दुपारी २:५८

बाईंना हे वाचायला देऊ नका.

कपाट_क्र_७ · १७ जुलै, रात्री ९:३०

गृहस्थ आज येऊन गेले. (गेल्या गुरुवारी घाटात दरड होती, म्हणून आठवडा लांबले.) सोल्डरगन दादांनी सांगितलेलं मनात ठेवून मी परीक्षा घेतली.

दालनाच्या मध्यात: हिरवा. सात नंबर कपाटासमोर, जिथे मलाही वासाने ठसका लागतो तिथे: हिरवा. ते म्हणाले बघा, तुमची हवा उत्तम आहे. मग शिपाईमामांना सांगितलं की नेहमीप्रमाणे फडकं मारा. तीन कपाटं झाडून होईपर्यंत लाल. मग सरस्वतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. लालच, आणि जास्त. गृहस्थ म्हणाले उदबत्तीत जंतू असणार, हलक्या दर्जाची असेल.

अध्यक्ष तेव्हा पहिल्यांदा हसले. देणगीदारही हजर होते.

तारापूरकर · १७ जुलै, रात्री १०:०४

यंत्राची बाजू थोडी घेतो. झाडताना लाल होणं निव्वळ खोटं नाही. कोरड्या फडक्याने भुरा उडतो, बीजाणू खरंच हवेत येतात आणि बराच वेळ तरंगतात. फक्त त्यातलं बीजाणू किती आणि कागद किती हे त्याला सांगता येत नाही. आणि शांत उभं राहिल्यावर हिरवा, कारण तेव्हा बुरशी पुस्तकावर बसलेली आहे, हवेत नाही. कोरडं फडकं मात्र आजपासून बंद करा. बाहेर पडवीत नेऊन, मास्क लावून, मऊ ब्रशने. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम मिळाला तर उत्तम.

प्लेटांचं काय झालं?

कपाट_क्र_७ · १९ जुलै, सायंकाळी ६:४५

१२ तारखेला ठेवल्या होत्या. सकाळी अकरा ते बारा, पाऊस थांबलेला. आज सातवा दिवस. न उघडलेली प्लेट कोरी आहे (हुश्श). दोन-दोन प्लेटांची सरासरी: पडवीत ४१, दालनाच्या मध्यात १८, सात नंबरपाशी २३, अभ्यासिकेत ६.

म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा कमी. मी जरा हिरमुसलेच. मग झाकणावरूनच रंग बघितले. पडवीच्या प्लेटांवर जत्रा आहे: काळपट हिरवे मखमली, पांढरे कापसासारखे, दोन गुलाबी, एक पसरट राखाडी. दालनातही थोडेफार तसेच. पण सात नंबरच्या दोन्ही प्लेटांवर बहुतेक ठिपके एकाच जातीचे. निळसर हिरवे, पांढरी कडा, पिठूळ. पडवीत तसा एकही नाही.

मिनेसोटाकर · १९ जुलै, रात्री ८:१०

आमच्या तळघराचा अहवाल अगदी असाच होता! एकूण आकडा अंगणापेक्षा कमी, पण बाहेर जवळपास नसलेली एकच जात आत भरपूर. ती बाहेरून आलेली नाही, तिथेच कुठेतरी वाढते आहे, असा त्याचा अर्थ तपासनीसाने लावला होता. त्याने जिप्सम बोर्ड फोडला आणि मागे सापडली.

तारापूरकर · १९ जुलै, रात्री ८:३२

निळसर हिरवा, पिठूळ, पांढरी कडा म्हणजे पेनिसिलियम किंवा अस्परजिलस घराण्यातलं काहीतरी. फोटोवरून जात सांगायला मी ज्योतिषी नाही. नेमकं नाव हवं असेल तर पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे चौकशी करा. पण मला विचाराल तर एका तासाच्या आठ प्लेटांवर याहून जास्त भार टाकू नका. एका दिवसाचा वारा बदलला की पडवीचा ४१ चा १० होतो. जातीचा फरक मात्र दोन्ही प्लेटांवर दिसतोय, तो मी गंभीरपणे घेईन.

भिंतीला_कान · १९ जुलै, रात्री ९:००

कपाट ओढा. मी ११ तारखेपासून सांगतोय.

कपाट_क्र_७ · २२ जुलै, रात्री १०:५०

ओढलं. सहा माणसं लागली.

मागची प्लायवूडची पाठ खालून दोन फूट निळसर हिरवी. भिंतीवरचा रंग फुगून पापुद्रे आलेले, चिऱ्याच्या सांध्यातून बोट ओलं होत होतं. बाहेरून बघितलं तर कारण वर होतं: पन्हाळ तुटलंय आणि पागोळ्या थेट त्या भिंतीवर पडतात. कधी तुटलं कुणाला ठाऊक नाही. आर्द्रतामापी मध्यात ७८, कपाटामागे ९३.

नाटकांच्या खालच्या दोन ओळी पडवीत वेगळ्या ठेवल्यात. चरित्रं बचावली, ती वरच्या फळ्यांवर होती.

अभ्यासिकेसाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर सोल्डरगन दादांच्या सल्ल्याने घेतला. संध्याकाळी २२ मुलं, एसी चालू: २४१०.

सोल्डरगन · २२ जुलै, रात्री ११:१५

२४१० वजा ४२०, भागिले साधारण ४०,०००. पाच टक्के. प्रत्येक मुलाच्या दर वीस श्वासांतला एक दुसऱ्या कुणाचातरी सोडलेला. प्लेटवर ६ ठिपके आलेली हीच खोली ना? एका बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि समोर एक्झॉस्ट पंखा लावा. एसीचं बिल थोडं वाढेल. १००० च्या आसपास आणा.

भिंतीला_कान · २३ जुलै, सकाळी ८:४०

आता उत्साहात दालनासाठी डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घेऊ नका. कौलारू छपराखाली तो म्हणजे भोकाचा रांजण, ओल जेवढी काढाल तेवढी बाहेरून आत येणार. पन्हाळ आधी, तेही या पावसात तात्पुरतं पत्र्याचं. कपाटं भिंतीपासून निदान सहा इंच पुढे आणि विटांवर उचलून. चिरा पावसाळ्यात बाहेरून रंगवू नका, सिमेंटने तर लिंपूच नका, ओल आत कोंडेल. दिवाळीनंतर सुकला की चुन्याचा गिलावा.

दुर्मिळ पुस्तकं असतील तर एक लहान खोली छत लावून बंद करा. दहा बाय दहा, नऊ फूट उंच म्हणजे २५ घनमीटर. २८ अंशांना ९० टक्क्यांवरून ६० वर आणायचं तर घनमीटरमागे आठ ग्रॅम पाणी काढायचं. तासाला निम्मी हवा बदलते धरलं तर दिवसाला अडीच लिटर, भिंती आणि कागद सोडतील ते वेगळं. त्याला लहान यंत्र पुरतं. देणगीदारांना हे सांगा.

कपाट_क्र_७ · २३ जुलै, रात्री ९:२५

सांगितलं. पन्हाळाला आणि खोलीच्या छताला मिळून त्यांनी होकार दिला, त्या टिफिनच्या निम्म्यात बसतंय. फक्त कोनशिलेवर 'पन्हाळ' असं लिहायला अध्यक्षांना संकोच वाटतोय.

ग्रंथपाल बाई सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन येणार आहेत. आजोबांना अजून बोलावलं नाही, नाटकं पडवीतून आत जाईपर्यंत नको.

डॉ_खोकला · २३ जुलै, रात्री ९:४४

योग्य. आणि प्लेटा? आता दहा-अकरा दिवस झाले, फेकायला हव्यात. चिकटपट्टी न काढता कुकरमध्ये, तीस मिनिटं.

कपाट_क्र_७ · २३ जुलै, रात्री १०:०८

काल रात्रीच केलं, सगळे झोपल्यावर. आच मंद ठेवून शिट्टी होऊ दिली नाही, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

डॉक्टर, एक अडचण आहे. तो कुकर ग्रंथालयाचा नव्हता, घरचाच. पाच लिटरचा, वरणभाताचा. सकाळी मी तो माळ्यावर टाकला आणि सासूबाई दुपारपासून शोधतायत.

टिवल्याबावल्या · २३ जुलै, रात्री १०:११

देणगीदारांना अजून एक फोन करा.